उत्खनन यंत्रावरील द्रवचालित अवजारे : तेलाचा प्रवाह आणि दाब यांचे कार्य

जमीन खोदण्यासाठी निर्माण झालेले उत्खनन यंत्र आज केवळ खोदण्याचे साधन राहिलेले नाही. त्याच्या भुजेवरील बकेट उतरवून तेथे खडक फोडणारा ब्रेकर, जुने काँक्रीट चुरडणारा जबडा, लोखंड कापणारी कातर, भोके पाडणारा ऑगर किंवा झुडपे भुगा करणारे फिरते पाते जोडता येते. आपल्याकडे या यंत्रास सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. हे नाव वस्तुतः फ्रान्समधील एका निर्मात्या कंपनीचे. परंतु तिच्या यंत्रांबरोबर ते येथे आले आणि पुढे त्या जातीच्या सर्वच यंत्रांना चिकटून राहिले.

या सर्व अवजारांना चालना देणारे माध्यम एकच आहे, ते म्हणजे दाबाखालील तेल. अवजाराच्या माहितीपत्रकात तेलाविषयी दोन आकडे ठळकपणे दिलेले असतात. एक, दर मिनिटास किती लिटर तेल हवे; आणि दुसरा, ते किती बार दाबाने हवे. हे दोन आकडे दोन भिन्न गोष्टी सांगतात. तथापि प्रत्यक्ष कामाच्या जागी त्यांची नेहमी गल्लत होते. ब्रेकर मंद चालू लागला की रिलीफ झडपेचा स्क्रू आवळून दाब वाढविला जातो. त्यामुळे बहुधा ब्रेकर पूर्वीइतकाच मंद राहतो. मात्र तेल तापते, नळ्यांवरील ताण वाढतो आणि पंपाचे आयुष्य घटते. ही गल्लत केवळ चालकांपुरती मर्यादित नाही. निविदांमध्ये यंत्र आणि अवजार यांची जोडी ठरविणारे अभियंतेही पुष्कळदा केवळ टनांचा हिशेब पाहतात. म्हणून या दोन राशींचे स्वतंत्र कार्य कोणते आणि त्या परस्परांवर कोठे बंधन घालतात, हे मुळापासून पाहणे उपयुक्त ठरेल.

१. मूलतत्त्व

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कल याचा सतराव्या शतकातील सिद्धान्त होय. त्याचा यांत्रिक उपयोग करून जोसेफ ब्रामा याने १७९५ साली इंग्लंडमध्ये द्रवचालित दाबयंत्राचे एकस्व मिळविले. आजच्या उत्खनन यंत्रातील सिलिंडर हा त्या दाबयंत्राचाच वंशज आहे. त्यात दट्ट्यावर पडणारी प्रेरणा ही दाब आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतकी असते. आणि दट्ट्याचा वेग हा प्रवाहास क्षेत्रफळाने भागून येतो. यावरून दाब प्रेरणा देतो व प्रवाह वेग देतो, हे सूत्र निष्पन्न होते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राचाच विस्तार आहे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. पंप दाब निर्माण करीत नाही. तो केवळ प्रवाह निर्माण करतो. त्या प्रवाहास पुढे जो विरोध होतो, त्यातून दाब उत्पन्न होतो. अवजार मोकळे असेल, तर ३५० बारसाठी बनविलेल्या यंत्रातही मापकावर थोडाच दाब दिसेल. अवजारापुढे कठीण वस्तू आली म्हणजे दाब चढतो आणि रिलीफ झडपेच्या मर्यादेपर्यंत चढत राहतो. रिलीफ झडप ही दाब ‘देणारी’ नसून त्याची कमाल सीमा आखणारी झडप आहे. अवजाराचा स्वाभाविक कार्यदाब त्या सीमेच्या खाली असेल, तर सीमा आणखी वर नेल्याने कामात काडीचाही फरक पडत नाही.

दोन्ही राशींचा गुणाकार म्हणजे शक्ती. व्यवहारातील एककांत तिचे सूत्र पुढीलप्रमाणे होते :

शक्ती (किलोवॅट) = दाब (बार) × प्रवाह (लिटर प्रति मिनिट) ÷ ६००

२. इंजिनाची मर्यादा

सुमारे २० टन वजनाच्या वर्गातील एक नमुनेदार यंत्र विचारात घेऊ. त्यात प्रत्येकी २१० लिटर प्रति मिनिट क्षमतेचे दोन पंप आहेत, कमाल दाब ३५० बार आहे आणि इंजिन ११० किलोवॅटचे आहे असे समजू. माहितीपत्रकातील दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी खरे मानले, तर ४२० लिटर आणि ३५० बार यांसाठी २४५ किलोवॅट शक्ती लागेल. ती इंजिनाच्या दुपटीहून अधिक आहे. अर्थात हे आकडे एकाच वेळी मिळणारे नसतात.

पंखा, अन्य साधने आणि पंपातील हानी वजा जाता तेलास सुमारे ९० किलोवॅट मिळतात असे धरू. मग ३५० बार दाबावर एकूण प्रवाह केवळ १५४ लिटर प्रति मिनिट राहील. आणि ४२० लिटरचा पूर्ण प्रवाह सुमारे १२९ बार दाबापर्यंतच टिकेल. दाब व प्रवाह यांचा आलेख काढल्यास तो अपास्त वक्र येतो. इंजिन बंद पडू नये म्हणून पंपावरील नियामक हाच वक्र पाळतो. दाब वाढताच तो पंपातील तिरप्या तबकडीचा किंवा अक्षाचा कोन घटवितो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यातील तेल कमी होते. यावरून निवडीचा पहिला नियम मिळतो : अवजारास लागणारा प्रवाह त्याच्या कार्यदाबावर उपलब्ध आहे काय, हे पाहिले पाहिजे. निर्भार स्थितीतील कमाल प्रवाहाचा आकडा या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

३. जबडा व कातर : सिलिंडरावर चालणारी अवजारे

या अवजारांत दाबाचे महत्त्व सर्वांत उघडपणे दिसते. दट्ट्याचा व्यास १२० मिलिमीटर आणि त्याच्या दांड्याचा व्यास ८५ मिलिमीटर असलेला सिलिंडर घेऊ. दट्ट्याचे पूर्ण क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर येते. दांड्याच्या बाजूचे कंकणाकृती क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मे. ३५० बार दाबावर बाहेर जाताना प्रेरणा सुमारे ३९६ किलोन्यूटन मिळते, तर आत येताना १९७ किलोन्यूटन. म्हणूनच जबडा मिटण्याचे काम पूर्ण क्षेत्रफळाच्या बाजूस सोपविलेले असते. काँक्रीट चुरडताना दाब २० टक्क्यांनी उणा पडला, तर प्रेरणाही तितकीच उणी पडते. आणि जी तुळई फुटण्यास ३९६ किलोन्यूटन हवेत, ती ३१७ किलोन्यूटनांनी कितीही वेळ दाबली तरी फुटत नाही. येथे अधिक प्रवाहाने भरपाई होऊ शकत नाही.

प्रवाहाचा संबंध वेळेशी येतो. २०० लिटर प्रति मिनिट प्रवाहावर हाच दट्ट्या बाहेर जाताना सेकंदास सुमारे २९ सेंटिमीटर आणि आत येताना ५९ सेंटिमीटर सरकतो. जबडा मिटताना वस्तूस भिडेपर्यंतचा बहुतेक प्रवास निर्भार असतो. तेवढ्यापुरते दांड्याच्या बाजूचे तेल टाकीत न सोडता पुढच्या बाजूस वळविणारी झडप काही अवजारांत बसविलेली असते. तीमुळे मिटण्याचा वेग वाढतो. आणि विरोध सुरू होताच ती झडप आपोआप पूर्ववत् होऊन पूर्ण प्रेरणा मिळते.

या क्षेत्रफळांच्या भेदातून आणखी एक परिणाम उद्भवतो व तो सहसा दुर्लक्षिला जातो. जबडा उघडताना दांड्याच्या बाजूने २०० लिटर तेल आत शिरते, त्या वेळी दुसऱ्या बाजूने सुमारे ४०० लिटर प्रति मिनिट इतके तेल बाहेर पडते. परतीची नळी आणि झडप पुरवठ्याच्या प्रवाहाकडे पाहून निवडल्यास ती अपुरी पडते. जबडा मिटताना चपळ पण उघडताना आळशी, अशी तक्रार असल्यास तिचे मूळ येथे शोधावे.

४. ब्रेकर : आघाताची ऊर्जा आणि आघातांची संख्या

द्रवचालित ब्रेकर १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आला. जर्मनीतील क्रुप कंपनीने आपला ब्रेकर १९६७ साली पुढे आणला. त्याची रचना थोडक्यात अशी असते. जाड पोलादी दट्ट्याला तेल वर उचलते. वर जाताना तो माथ्यावरील कोंडीत असलेला नायट्रोजन वायू दाबतो. ठराविक उंचीवर नियंत्रक झडप दिशा पालटते आणि दाबलेला वायू व तेल यांच्या संयुक्त प्रेरणेने दट्ट्या खाली येऊन छिन्नीवर आदळतो. हे आवर्तन अव्याहत चालते.

या अवजारात दाब आणि प्रवाह यांची कामे विशेष स्पष्टपणे वेगळी होतात. एका आवर्तनात ब्रेकर जे तेल वापरतो त्याचे घनफळ त्याच्या रचनेने जवळजवळ निश्चित झालेले असते. मग एका आघातामागे तेलाने दिलेली ऊर्जा म्हणजे दाब गुणिले ते घनफळ. आणि दर सेकंदाचे आघात म्हणजे प्रवाह भागिले तेच घनफळ. उदाहरणार्थ, १५० लिटर प्रति मिनिट प्रवाह, १७० बार कार्यदाब आणि सेकंदास ८ आघात असा ब्रेकर घ्या. प्रत्येक आवर्तनास सुमारे ३१२ घन सेंटिमीटर तेल लागते आणि त्याची ऊर्जा सुमारे ५,३०० जूल होते. एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास छिन्नीस सुमारे ३,२०० जूल मिळतात. आता प्रवाह २०० लिटर केला, तर आघात सेकंदास साडेदहाच्या वर जातील. परंतु प्रत्येक आघात पूर्वीइतकाच राहील. उलट कार्यदाब घटला, तर आघातांची संख्या तीच राहून प्रत्येक आघात दुबळा होईल. काही आधुनिक ब्रेकरांत दट्ट्याची धाव कमीजास्त करता येते व त्यामुळे हे घनफळ बदलते. परंतु तत्त्व तेच राहते.

हा भेद महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. दख्खनच्या पठारावरील घट्ट काळ्या बसाल्टचे संपीडन-बल सामान्यतः १०० ते २०० मेगापास्कल किंवा त्याहूनही अधिक असते. त्याच थरांमधील सच्छिद्र बसाल्ट आणि ज्वालामुखी ब्रेशिया पुष्कळ दुबळे असतात. घट्ट पाषाणात भेग पुढे सरकण्यासाठी एका आघाताची ऊर्जा काही किमान मर्यादेच्या वर असावी लागते. त्याखालील आघात कितीही वेगाने दिले, तरी छिन्नीखाली पीठ होते, छिन्नीचे टोक तापून मऊ पडते आणि खडक तसाच राहतो. मुरूम किंवा भेगाळलेला खडक असेल, तर याउलट थोड्या ऊर्जेचे पण अधिक संख्येचे आघात फायद्याचे ठरतात. वस्तीजवळच्या पायाखोदाईत सुरुंग लावणे शक्य नसते तेव्हा सारी भिस्त ब्रेकरवर असते. अशा ठिकाणी अवजार चुकीचे जुळविले गेले, तर त्याची किंमत दिवसांच्या आणि डिझेलच्या हिशेबात मोजावी लागते.

मग दाब हवा तितका वाढवून आघात हवा तितका मोठा का करू नये? याचे पहिले उत्तर असे, की ब्रेकरचा कार्यदाब यंत्रावरील रिलीफ झडप ठरवीत नाही. तो ब्रेकरमधील क्षेत्रफळे, नायट्रोजनचा भरणदाब आणि नियंत्रक झडपेची जुळणी यांवरून ठरतो. रिलीफची मर्यादा त्याच्या वर ४० ते ५० बार असली म्हणजे पुरे; वरील उदाहरणात ती सुमारे २१० ते २२० बार येईल. एवढे अंतर ठेवण्याचे कारण असे, की रिलीफ झडप आपल्या पूर्ण मर्यादेच्या थोडे आधीच गळू लागते आणि ब्रेकरच्या दाबास प्रत्येक आघाताबरोबर उसळ्या येत असतात. अंतर फार कमी ठेवले, तर प्रत्येक उसळीत काही तेल काम न करताच टाकीत जाते. नायट्रोजनचा दाब वाजवीपेक्षा जास्त भरला, तर तेल दट्ट्यास पूर्ण उचलूच शकत नाही आणि ब्रेकर अडखळतो.

दुसरे उत्तर पोलादाच्या सामर्थ्यात आहे. सारख्याच छेदाचे दोन पोलादी दंड एकमेकांवर आदळले असता निर्माण होणारा ताण हा पोलादाची घनता, त्यातील तरंगवेग आणि आघातवेग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. घनता ७,८५० किलोग्रॅम प्रति घनमीटर, तरंगवेग सेकंदास ५,१०० मीटर आणि आघातवेग १० मीटर घेतल्यास हा ताण सुमारे २०० मेगापास्कल येतो. लक्षावधी आघात सोसणाऱ्या दट्ट्यास व छिन्नीस याहून फार मोठा ताण परवडत नाही. म्हणून मोठ्या आघातासाठी वेग न वाढविता दट्ट्याचे वस्तुमान वाढवितात. आणि मोठे वस्तुमान उचलण्यास मोठे घनफळ, अर्थात मोठा प्रवाह लागतो. लहान ब्रेकरला दाबाच्या जोरावर मोठ्याचे काम करावयास लावता येत नाही, याचे कारण हे होय.

अतिरिक्त प्रवाहही निरुपद्रवी नाही. आघातांची संख्या रचनेच्या मर्यादेबाहेर गेली की परतीच्या नळीतील उसळ्या वाढतात आणि संचायकातील रबरी पडदा लवकर फाटतो. छिन्नी खडकास न भिडविता चालविलेला ब्रेकर तर आपली सारी ऊर्जा स्वतःच्याच बोल्टांत आणि कवचात मुरवितो.

५. फिरती अवजारे

ऑगर, कर्तन-ढोल व झुडपे भुगा करणारी अवजारे द्रवचालित मोटरवर चालतात. येथे वेग प्रवाहावर आणि टॉर्क मोटरच्या दोन तोंडांतील दाबाच्या फरकावर अवलंबून असतो. दर फेऱ्यास २५० घन सेंटिमीटर तेल घेणारी मोटर १५० लिटर प्रति मिनिट प्रवाहावर ६०० फेरे करते, आणि २०० बार फरकावर हानी वगळता सुमारे ७९६ न्यूटन-मीटर टॉर्क देते. दोहोंचा गुणाकार ५० किलोवॅट येतो व तो आरंभीच्या सूत्राशी जुळतो. अशा मोटरसाठी दोन दक्षता आवश्यक असतात. कवचात गळणारे तेल वेगळ्या नळीने जवळजवळ दाबरहित स्थितीत थेट टाकीत गेले पाहिजे, नाहीतर आसाचे सील निकामी होते. तसेच झडप अकस्मात मिटली तरी जड चक्र फिरतच राहते आणि मोटर पंपासारखी वागू लागते. म्हणून तिला तेल पुरविणारी प्रतिबंधक झडप लागते.

६. परतीचा दाब, उष्णता आणि श्यानता

प्रवाह नळीतून जाताना काही दाब खर्च होतो. जोडण्या व अरुंद तोंडे यांतील हा खर्च प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० लिटर प्रति मिनिट प्रवाहास ५ बार गिळणारा परतीचा मार्ग १८० लिटर प्रवाहास सुमारे १६ बार गिळेल. हा परतीचा दाब दट्ट्याच्या गतीस विरोध करतो. वरील ब्रेकरच्या परतीत २५ बार असतील, तर १७० पैकी १४५ बारच उपयोगी पडतात, म्हणजे सुमारे १५ टक्के ऊर्जा वाया जाते. १५० लिटर प्रवाह १९ मिलिमीटरच्या नळीतून सेकंदास ८.८ मीटर वेगाने, तर ३२ मिलिमीटरच्या नळीतून ३.१ मीटर वेगाने वाहतो. परतीसाठी दुसरीच योग्य होय. शक्य तेथे ब्रेकरचे परतीचे तेल मुख्य नियंत्रक झडपेत न नेता गाळणी व शीतक यांतून टाकीत नेतात, ते याच कारणासाठी.

जो दाब काम न करता खर्च होतो, त्याची उष्णता बनते. खनिज तेलाची घनता व विशिष्ट उष्णता विचारात घेता, दर १०० बार निष्फळ दाबपातामागे तेल सुमारे ६ अंश सेल्सिअसने तापते. रिलीफ झडपेतून २१० बारवर १५० लिटर तेल सतत वाहू दिले, तर ५२ किलोवॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. यंत्रात २४० लिटर तेल असेल आणि शीतक नसेल, तर त्याचे तापमान दर मिनिटास सुमारे ८ अंशांनी चढेल. शीतकाची क्षमता तेल आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. तेल ८० अंशांवर असता बाहेर २५ अंश असल्यास हा फरक ५५ असतो. विदर्भातील उन्हाळ्याच्या ४५ अंशांत तो ३५ उरतो, म्हणजे शीतकाचे सामर्थ्य दोन-तृतीयांशाच्याही खाली येते.

तापलेले तेल पातळ होते. ४६ श्रेणीच्या हायड्रॉलिक तेलाची श्यानता ४० अंशांवर ४६ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असते, तर १०० अंशांवर ती सुमारे ७ इतकीच उरते. सूक्ष्म फटींतील गळती दाबाच्या व फटीच्या घनाच्या समप्रमाणात आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे झिजलेल्या पंपात फट दुप्पट झाली, तर गळती आठपट होते. गळतीतून पुन्हा उष्णता, उष्णतेतून अधिक पातळ तेल, त्यातून अधिक गळती, असे दुष्टचक्र सुरू होते. सकाळी उत्तम चालणारा ब्रेकर दुपारी मंदावतो, त्याचा उलगडा या चक्रात आहे. आणि स्क्रू आवळून दाब वाढविणे हा त्या चक्रास गती देण्याचाच प्रकार ठरतो.

७. मापन आणि निदान

वरील विवेचनावरून निदानाची साधी पद्धती हाती येते. अवजार मंद आहे पण शेवटी पूर्ण जोर लावते, असे असल्यास उणीव प्रवाहाची समजावी. ते निर्भार स्थितीत चपळ असून भार येताच थांबत असेल, तर उणीव दाबाची. आणि दोन्ही गुण तेल तापल्यावर घटत असतील, तर गळतीचा संशय धरावा.

तथापि संशय म्हणजे सिद्धता नव्हे. निश्चितीसाठी अवजाराच्या जागी भारक झडपेसह प्रवाहमापक जोडावा, तेल ५० ते ६० अंशांपर्यंत तापू द्यावे, आणि अवजाराच्या कार्यदाबावर प्रवाह नोंदवावा. निर्भार नोंद तेवढी घेऊन थांबल्यास झिजलेला पंपही निर्दोष ठरतो, कारण गळती दाबाखालीच प्रकट होते. परतीचा दाब अवजाराच्या तोंडाशी मोजावा, टाकीजवळ नव्हे. नळ्या सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून साठलेला दाब उतरविणे आणि गळती हाताने न चाचपणे, हे दोन नियम प्रयोगशाळेतही मोडता कामा नयेत; सूक्ष्म छिद्रातून निघालेली तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते.

अवजार निवडताना म्हणून चार प्रश्न या क्रमाने विचारावेत. कामास किती प्रेरणा किंवा किती आघात-ऊर्जा हवी? त्यासाठी कोणता कार्यदाब लागेल? त्या दाबावर यंत्र किती प्रवाह देऊ शकते? आणि तो प्रवाह परतीच्या मार्गाने किती दाब खर्चून टाकीत पोहोचतो? यांतील शेवटचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. परंतु पहिल्या तिहींची उत्तरे कागदावर बरोबर असूनही अवजार का चालत नाही, याचा उलगडा पुष्कळदा त्या चौथ्या प्रश्नातच होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाचे मोठे क्षेत्र आहे. बसाल्टच्या निरनिराळ्या प्रकारांत कार्यदाब, प्रवाह, परतीचा दाब आणि फुटलेल्या खडकाचे घनफळ यांची एकत्र मोजमापे घेतल्यास, दर घनमीटर खडकास प्रत्यक्ष किती ऊर्जा लागते हे सांगता येईल. त्यासाठी लागणारी उपकरणे साधी आहेत, आणि खडक तर आपल्या पायाखालीच आहे.